वस्तीवरचं रोमा मूल पहिलीत बसवताना : स्लोव्हाकियात मदतीला जाणाऱ्या मराठी मंडळींसाठी

कोशित्से, नित्रा आणि ब्रातिस्लावा इथे आता बरीच मराठी कुटुंबं आहेत. दरवर्षी ऑगस्ट लागला की त्यांच्यातल्या कुणाचा तरी मला निरोप येतो, ‘आम्ही वीस दप्तरं जमवली आहेत, कुठल्या रोमा वस्तीत नेऊन द्यायची?’ रोमा म्हणजे मूळ भारतातून गेलेला आणि युरोपात पिढ्यानपिढ्या भेदभाव सोसत आलेला समाज. निरोपामागची भावना खरी असते, पण वेळ निघून गेलेली असते. मूल कोणत्या शाळेत आणि कोणत्या वर्गात बसणार हे वसंतातच ठरून जातं. त्याची तयारी त्याच्याही आधीच्या सप्टेंबरात सुरू करावी लागते. दप्तर हे या कामातलं शेवटून दुसरं पाऊल आहे. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात.

म्हणून इथे क्रम लिहिते आहे. पूर्व स्लोव्हाकियातल्या वस्त्यांवर पाच-सहा वर्षांच्या मुलांबरोबर केलेल्या कामातून तो हाती आला आहे. देशाच्या दुसऱ्या भागात तपशील थोडे बदलतील, पावलांचा क्रम बदलणार नाही.

१. आधी कुणाच्या हाताखाली काम करायचं ते ठरवा (सप्टेंबर)

थेट वस्तीत जाऊ नका. वस्तीला इथे ‘ओसादा’ म्हणतात. तिथे कुणी त्रास देईल म्हणून मी हे सांगत नाही. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी पाहुणा येतो, मुलांचे फोटो काढतो, ‘पुन्हा येऊ’ म्हणतो आणि परत येत नाही. वस्तीतल्या बायकांना हे पाठ झालं आहे. तुम्हीही त्याच रांगेत मोजले जाल.

बहुतेक मोठ्या वस्त्यांजवळ कम्युनिटी सेंटर असतं. नगरपालिकेचे क्षेत्रीय समाजकार्यकर्ते असतात. अनेक ठिकाणी ‘झ्द्रावे रेगिओनी’ या संस्थेचे आरोग्य सहायक घरोघरी फिरतात आणि त्यातले बरेच जण स्वतः रोमा असतात. यांपैकी एकाकडे जा आणि विचारा, ‘पुढच्या ३१ ऑगस्टपर्यंत सहा वर्षं पूर्ण होणारी मुलं कोणती? त्यातल्या कुणाच्या घरी कुणीच जात नाही?’

मुलांबरोबर काम करायचं म्हणजे संस्था तुमच्याकडे गुन्हे नोंदवहीचा उतारा मागेल. तो द्या, त्यात अपमान मानू नका. स्वयंसेवेसाठी इथे २०११चा कायदा (क्रमांक ४०६) आहे. त्यानुसार लेखी करार करून घ्या. तुम्ही काय कराल, कोणत्या दिवशी याल आणि कशाला हात लावणार नाही, हे त्यात स्पष्ट असू द्या.

मुलं तीन घ्या, फार तर चार. आठवड्यातली एकच दुपार घ्या, पण ती कधी चुकवू नका.

तपासा : येत्या सप्टेंबरपासून त्याच्या पुढच्या ऑक्टोबर अखेरपर्यंत तुम्ही याच गावात असाल का? बदली व्हायची शक्यता असेल तर दोघांनी मिळून काम घ्या. मध्येच सोडणं हे सुरूच न करण्यापेक्षा वाईट.

सावध : ‘त्सिगान’ हा शब्द इथे शिवी म्हणून वापरतात. तो तोंडात येऊ देऊ नका आणि आपल्यात बोलताना ‘जिप्सी’सुद्धा टाळा. रोमा म्हणा. मुलांचे फोटो काढू नका, आईनं हो म्हटलं तरी नको.

२. पहिले दोन महिने फक्त ओळख (ऑक्टोबर, नोव्हेंबर)

या टप्प्यात शाळेचा विषय तुम्ही काढायचा नाही. आई किंवा आजी काढेपर्यंत थांबा. अनेक आया-बापांनी स्वतःची शाळा वेगळ्या बाकावर, नाहीतर वेगळ्या इमारतीत बसून काढलेली असते. शाळा म्हटलं की त्यांना आधी तोच अपमान आठवतो. तुम्ही त्याला ‘शिक्षणाची आवड नाही’ असं नाव दिलंत तर पुढचं सगळं चुकेल.

इथे आपल्याकडे एक गोष्ट आहे जी इतर स्वयंसेवकांकडे नाही. पूर्वेकडच्या बऱ्याच वस्त्यांत मुलं घरी रोमानी, म्हणजे रोमा समाजाची मूळ भारतीय कुळातली भाषा, बोलतात आणि स्लोव्हाक त्यांना शाळेतच पहिल्यांदा नीट भेटते. रोमानीतले कितीतरी शब्द आपल्याला ओळखीचे आहेत. पानि म्हणजे पाणी. नख म्हणजे नाक, कान म्हणजे कानच, दांद म्हणजे दात, छिब म्हणजे जीभ आणि खेर म्हणजे घर. लोन म्हणजे मीठ, आपलं लोणचं आठवा. ‘बेश’ म्हणजे बस आणि ‘खा’ म्हणजे खा, फक्त त्यातला ख घशातून येतो. आकडे येख, दुय, त्रिन, श्तार, पांज, शोव असे जातात. पुढचे तीन आकडे, एफ्ता, ओख्तो, एन्या, ग्रीकमधून आलेले आहेत, म्हणून तिथे आपला अंदाज फसतो. देश म्हणजे दहा, तिथे आपण पुन्हा जुळतो.

हे शब्द गंमत म्हणून उधळू नका, कामाला लावा. मूल ‘दुय’ म्हणालं की तुम्ही ‘दुय, द्वा’ म्हणा. आधी घरचा शब्द, मग शाळेचा. मुलाला कळतं की त्याची भाषा चुकीची नाही आणि स्लोव्हाक शब्दही त्याच्या जिभेवर बसतो. मात्र दक्षिणेकडे अनेक रोमा कुटुंबं हंगेरियन बोलतात आणि काही घरांत फक्त स्लोव्हाकच असते. आधी विचारा. ज्याला रोमानी येत नाही त्याच्यापुढे ती बोलून दाखवणं त्याला लागू शकतं.

तपासा : नोव्हेंबर संपताना आई तुम्हाला आत बसायला सांगते की दारातच बोलते? दारातच असेल तर पुढच्या टप्प्याची घाई करू नका.

३. कागद (डिसेंबर, जानेवारी)

लागतात ते कागद थोडेच असतात. मुलाचा जन्मदाखला आणि पालकाचं ओळखपत्र. अर्जावर साधारणपणे दोन्ही पालकांच्या सह्या मागतात. बाप इंग्लंडमध्ये किंवा चेक देशात मजुरीला असेल तर हे आधी समजायला हवं, नावनोंदणीच्या दिवशी नाही. दुसरा पालक संपर्कात नसेल तर काय लिहून द्यावं लागतं ते शाळेच्या कार्यालयात जानेवारीतच विचारा.

सगळ्यात जास्त घोळ पत्त्यावर होतो. मूल कोणत्या शाळेच्या हद्दीत येतं ते कायम वास्तव्याच्या नोंदीवरून ठरतं, झोपतं कुठे त्यावरून नाही. कुटुंब चार वर्षांपासून या वस्तीवर राहतं, पण नोंद अजून आईच्या माहेरच्या गावी आहे, असं फार वेळा आढळतं. मग हद्दीतली शाळा तिकडची ठरते आणि इथली शाळा ‘जागा नाही’ म्हणायला मोकळी होते. ही गोष्ट वेळेत कळली तर ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जाऊन नोंद बदलता येते, किंवा हद्दीबाहेरचा म्हणून वेळेत अर्ज करता येतो.

दाखला हरवलेला असेल तर जन्म जिथे नोंदला गेला तिथल्या कार्यालयातून नवा काढा. आईबरोबर जा, पण खिडकीशी तिलाच उभं करा.

सावध : मूळ कागद स्वतःकडे ठेवू नका, ‘तुमच्याकडे हरवतील’ असं म्हणून तर मुळीच नाही. एक जाड प्लास्टिकची पिशवी द्या. ओल लागणार नाही अशी जागा आईच दाखवेल.

४. बालवाडी चुकवू नका

२०२१च्या सप्टेंबरपासून स्लोव्हाकियात पहिलीच्या आधीचं एक वर्ष बालवाडीत जाणं सक्तीचं आहे. ३१ ऑगस्टपर्यंत पाच वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला ते लागू आहे. या वर्षाला शुल्क नाही आणि प्रवेशात या मुलांना अग्रक्रम आहे. तरीही पूर्वेकडच्या काही गावांत जागा अपुऱ्या पडतात. तुम्हाला मूल चार वर्षांचं असताना भेटलं तर आधी हा अर्ज करा. बालवाडी बालरोगतज्ज्ञाचा दाखला मागते आणि त्यात लसींची नोंद लागते, म्हणून डॉक्टरची वेळ आधी घ्या.

मूल बालवाडीत जात असेल तर तुमचं काम निम्मं होतं. जात नसेल, किंवा आठवड्यातून दोनच दिवस जात असेल, तर दुपारच्या तासात अक्षरं गिरवायला बसवू नका. ही सगळ्यात सर्रास होणारी चूक आहे. पहिलीच्या बाईंना अक्षरं शिकवता येतात. त्यांना अडतं ते वेगळ्याच ठिकाणी.

ज्या घरात नळ नाही तिथल्या मुलाला फ्लशचा आवाज घाबरवतो. सेंटरमधल्या शौचालयात त्याला दहा वेळा फ्लश ओढू द्या. नळ उघडणं आणि बंद करणं त्याचं त्यानं करायचं. काटा-चमचा धरणं, रांगेत उभं राहणं, स्वतःचं नाव-आडनाव ऐकून ‘इथे’ म्हणणं, हेही शिकवा, कारण घरी त्याला टोपणनावानं हाक मारतात आणि दाखल्यावरचं नाव कधी कधी त्याला ठाऊकही नसतं. रंगखडू, कात्री आणि गोष्टीचं पुस्तक कुठून उघडायचं, हेही त्यातच आलं. आणि एक वाक्य पाठ हवंच : ‘प्रोसीम, मुओझेम ईस्त्य ना झाखोत?’ म्हणजे ‘मी शौचालयात जाऊ का?’ हे वाक्य न आल्यानं पहिल्या आठवड्यात वर्गात कपडे ओले झालेलं मूल दुसऱ्या आठवड्यात शाळेत जायला तयार होत नाही. असं झालेलं मी एकापेक्षा जास्त वेळा पाहिलं आहे.

५. चाचणी आणि सही : इथे थांबा

या टप्प्यावर मी सर्वात जास्त लिहिणार आहे, कारण इथली चूक नंतर दुरुस्त करणं फार अवघड जातं.

मूल पहिलीसाठी तयार आहे का याबद्दल शाळेला शंका आली तर ती त्याला समुपदेशन केंद्रात चाचणीला पाठवते. या केंद्राला लोक ‘त्से-पे-पे’ म्हणतात. चाचणीतून तीन वाटा निघू शकतात : नेहमीची पहिली, पहिलीच्या आधीचा एक तयारीचा वर्ग (‘उवोद्नी रोच्निक’), नाहीतर सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठीचा विशेष वर्ग. तिसऱ्या वाटेनं गेलेलं मूल नेहमीच्या वर्गात क्वचितच परत येतं. स्लोव्हाक न येणं आणि बुद्धी कमी असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षानुवर्षं त्या एकच मानल्या गेल्या.

विशेष वर्गात घालायला पालकांची माहितीपूर्वक संमती लागते. कागदावर हे संरक्षण आहे, पण ते अपुरं पडतं. शेजारच्या चेक देशातल्या ओस्त्रावा शहरातल्या अठरा रोमा मुलांच्या खटल्यात स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयानं १३ नोव्हेंबर २००७ रोजी निकाल दिला. तिथेही पालकांच्या सह्या होत्या. वंचित समाजातल्या या पालकांना त्या सहीचे सगळे परिणाम तोलता आले असतील असं न्यायालयाला पटलं नाही आणि भेदभाव झाल्याचं त्यानं ठरवलं. स्लोव्हाकियालाही युरोपीय आयोगानं एप्रिल २०२३मध्ये याच प्रश्नावर युरोपीय संघाच्या न्यायालयासमोर नेलं.

माझ्या हातून हे घडलं ते सांगते. एका आईबरोबर मी एका शाळेच्या कार्यालयात गेले होते. समोर पाच कागद आले, कर्मचारी घाईत होती, आईनं पाचही ठिकाणी सही केली. मला वाटलं जेवणाचे आणि विम्याचे कागद असतील. त्यातला चौथा विशेष वर्गाच्या संमतीचा होता. मी शेजारी उभी असूनही तो वाचला नाही. पुन्हा चाचणी होऊन ते मूल नेहमीच्या वर्गात यायला पूर्ण एक वर्ष गेलं आणि त्या वर्षात त्याचा मित्र त्याच्या पुढे निघून गेला.

म्हणून हा क्रम पाळा.

चाचणीच्या आधी आईनं लेखी सांगावं की घरची भाषा रोमानी आहे. चाचणी घेणाऱ्याला ती येते का, नाहीतर दुभाषी मिळेल का, हे विचारावं. चाचणीच्या दिवशी मूल जेवलेलं आणि झोपलेलं असावं. त्या जागेची सवय व्हावी म्हणून आदल्या आठवड्यात तिथून एक फेरी मारून या.

निष्कर्ष हातात आल्यावर त्याच दिवशी सही नको. ‘मी घरी नेऊन वाचते’ एवढं एक वाक्य आईला स्लोव्हाकमध्ये पक्कं येऊ द्या. तसं म्हणण्याचा तिला हक्क आहे. मग सेंटरमध्ये बसून एकेक ओळ वाचा. निदान कशाचं लिहिलं आहे? वर्ग कोणता? किती काळासाठी? फेरचाचणी कधी?

तयारीच्या वर्गाबद्दलही विचारा : तो कोणत्या इमारतीत भरतो, तिथे फक्त वस्तीवरचीच मुलं आहेत का आणि पुढच्या वर्षी ती कुठे बसतात? स्लोव्हाकियाच्या शिक्षण कायद्यात भेदभाव आणि खास करून वेगळं बसवणं यांवर मनाई लिहिलेली आहे. उत्तर टाळलं गेलं तर भांडायला उभे राहू नका. सेंटरच्या प्रमुखांना सांगा, पुढची लढाई कशी लढायची ते त्यांना कळतं आणि तुम्ही गेल्यावरही त्यांनाच तिथे राहायचं असतं.

सावध : काही मुलांना खरंच विशेष मदतीची गरज असते. ती नाकारायला आईला शिकवू नका. निर्णय तिचा आहे. तुमचं काम एवढंच की तो घेताना तिला सगळं माहीत असावं.

६. झापिस, म्हणजे नावनोंदणीचा दिवस

साधारण एप्रिलमध्ये असतो. नेमका दिवस आणि वेळ स्थानिक पातळीवर ठरते, ती फेब्रुवारीतच विचारून घ्या.

आठवडाभर आधी आई आणि मूल यांना एकदा शाळेत नेऊन आणा. कुठलं दार, कुठे बसायचं, शौचालय कुठे, एवढं पाहून या. त्या दिवशी बाई मुलाशी गप्पा मारतात, रंग विचारतात, चित्र काढायला देतात, एखादी कविता म्हणायला सांगतात. घोकून घेतलेली स्लोव्हाक कविता मूल भीतीनं विसरतं. त्याला जे गाणं मनापासून येतं ते म्हणू द्या, रोमानीतलं असलं तरी.

तुम्ही बरोबर जा, पण खुर्ची आईशेजारी आणि थोडी मागे घ्या. शाळेतली माणसं सवयीनं तुमच्याकडे पाहून बोलतील, कारण तुमचे कपडे, तुमची नोकरी त्यांना जवळची वाटते. उत्तर देऊ नका, आईकडे पाहा. पहिल्या वेळी अवघड शांतता पसरते. ती पसरू द्या.

तपासा : बाहेर पडताना आईच्या हातात अर्ज मिळाल्याचा कागद आहे? निर्णय कधी आणि कसा कळणार हे तिला कळलं आहे? वस्तीवर टपाल पोचतं का?

७. उन्हाळा आणि सामान (जून ते ऑगस्ट)

आता दप्तर. पण शाळेची यादी हातात आल्याशिवाय काही घेऊ नका. यादीत दप्तरापेक्षा महत्त्वाची एक वस्तू असते : ‘प्रेझुव्की’, वर्गात घालायच्या चपला. बाहेरचे बूट काढून त्या घातल्याशिवाय इथे वर्गात पाऊल टाकता येत नाही. चिखलातून चालत येणाऱ्या मुलाकडे त्या नसल्या तर पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळतात. मग साबण-टॉवेलची पिशवी, रंगांची पेटी आणि पावसाळी बूट. दप्तर साधं घ्या. वस्तीवर एकाच मुलाला भारी दप्तर मिळालं तर त्याच्या घरी भांडण पोचतं.

सामान तुम्ही वाटू नका. सेंटरमार्फत आईला द्या आणि मुलाला ते आईकडून मिळू द्या.

दुपारच्या जेवणासाठी शाळेच्या भोजनगृहात नाव घालावं लागतं. अनुदान कुणाला मिळतं त्याचे नियम बदलत आले आहेत, म्हणून ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात कार्यालयात विचारा. गैरहजेरीच्या दिवशी जेवण रद्द कसं करायचं हेही आईला दाखवा, नाहीतर न खाल्लेल्या जेवणाचं बिल घरी येतं. ‘देसियाता’, म्हणजे दहाच्या सुट्टीतला खाऊ, प्रत्येक मूल घरून आणतं. महिनाअखेरीस घरात पाव नसतो, त्या दिवशी आई मुलाला शाळेत पाठवत नाही, कारण इतरांसमोर त्याला रिकाम्या हातानं बसवणं तिला सहन होत नाही. हे कुणी तुम्हाला सांगणार नाही. सेंटरशी बोलून त्या आठवड्याची सोय आधीच लावून ठेवा.

कपडे धुण्याचाही प्रश्न आहे. ज्या वस्तीवर पाणी हंड्यानं आणावं लागतं तिथे रोज स्वच्छ कपडे हा आईचा दीड-दोन तासांचा कष्ट आहे. सेंटरमध्ये धुलाईयंत्र असेल तर त्याचा वार ठरवून घ्या.

८. पहिले सहा आठवडे

मूल शाळा सोडून देण्याची खरी भीती याच काळात असते. पहिल्या दिवशी फुलं, नवे कपडे, सगळी आनंदात असतात. तिसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू होतो, कुणीतरी मुलाला काहीतरी बोललेलं असतं आणि ते पोट दुखतं म्हणून घरी राहतं.

तुमची ठरलेली दुपार आता शाळा सुटल्यानंतरची ठेवा. प्रश्न ‘काय शिकलास?’ असा नको. ‘कुणाशेजारी बसतोस?’ हे विचारा. उत्तर सलग तीन आठवडे ‘कुणीच नाही’ असं आलं तर आईला सांगा आणि तिच्याबरोबर वर्गशिक्षिकेला भेटा. शाळेत शिक्षक सहायक असेल तर त्याची ओळख करून घ्या, बऱ्याचदा मुलाचं मन त्यालाच कळलेलं असतं.

हजेरीचा हिशेब आईला पहिल्याच आठवड्यात समजावून द्या. महिन्यात विनाकारण गैरहजेरीचे पंधरापेक्षा जास्त तास झाले तर शाळेला कळवावं लागतं आणि मुलाचा भत्ता पालकांच्या हातात न देता नगरपालिकेमार्फत दिला जाऊ शकतो. मूल आजारी पडलं की चिठ्ठी त्याच आठवड्यात जाऊ द्या. आईला लिहिता येत नसेल तर मजकूर तिनं सांगावा, तुम्ही लिहावा आणि सही तिनं करावी.

मुलाला रोज घरून शाळेत सोडायचं काम स्वतःकडे घेऊ नका. दोन आठवडे पुष्कळ झाले. त्यानंतर वस्तीवरची मोठी मुलगी, आजोबा, शेजारीण, जी व्यवस्था पुढे टिकेल ती लागू द्या.

ऑक्टोबरच्या शेवटी किंवा नोव्हेंबरात पालकसभा असते. तिला आई एकटी जाईल. तुम्ही सेंटरमध्ये थांबा आणि तिच्या धाकट्याला सांभाळा. त्याच सुमाराला सेंटरवाले पुढच्या वर्षीच्या मुलांची यादी करायला घेतात. धाकट्याला मांडीवर घेऊन त्या यादीत त्याचं नाव लागलं आहे का ते पाहून घ्या.